पहिला पीस

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. प्रेसला दोन बटणं, दोन टोकांना. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. आमच्यात एक रिवाज होता. नवा साचा चढला की पहिला पीस फोरमन चाचा काढायचे. आधी ते, मग आम्ही.

नवे मॅनेजर साहेब आले ते मोबाइलवर सेकंद मोजतच. आमची लघवीसुद्धा त्यांनी वेळापत्रकात बसवली. मग हुकूम सुटला: एक बटण टेप गुंडाळून दाबलेलंच ठेवा, मोकळ्या हातानं पत्रा सरकवा. चाचांनी सगळ्यांदेखत टेप फाडली. "मी असा पीस काढनार नाय, तर पोरांना कोणत्या तोंडानं सांगू?" साहेबांनी त्यांना गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. आम्ही बारा जण तिथंच उभे होतो. कुणाच्याच तोंडून शब्द फुटला नाही, माझ्याही नाही.

टेप परत लागली. महिनाभरात माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'कामगाराचा हलगर्जीपणा'. ते वाचलं आणि ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

पुढचा नवा साचा चढायच्या दिवशी माल घेणाऱ्या कंपनीचे अधिकारी येणार होते. साहेबांनी सकाळीच सगळ्या टेपा काढायला लावल्या. नवा साचा चढलेल्या प्रेसवर मी टेप पुन्हा लावली, अगदी हौसेनं. नारळ फुटला. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, पहिला पीस मोठ्या माणसानं काढायचा असतो आमच्यात."

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणतील? हसत पुढं झाले, पत्रा उचलला आणि टेप दिसली. चटका बसल्यासारखा हात मागं आला. "आधी ती टेप काढा!" ओरडलेच.

"का साहेब? आम्ही तर रोज असंच काढतो." मी अर्धं बोट वर धरलं. पाहुणे एकदा बोटाकडं बघत होते, एकदा साहेबांकडं. साहेबांना दरदरून घाम फुटला होता आणि मला तो बघून गारगार वाटत होतं. आजही वाटतं, खोटं कशाला बोलू? पंधरा दिवसांत त्यांची उचलबांगडी झाली.

चाचा गेटवरून परत आले. मी पेढे घेऊन त्यांच्यापुढं ऐटीत उभा राहिलो. त्यांनी पेढा घेतला नाही, माझा डावा हात हातात घेतला.

"हेच त्या दिवशी बोलला असतास बेटा, तर बोट राहिलं असतं."