ट्रेलरच्या नाकावरचं वजन

गाड्यांच्या मागे हूक बसवून देणाऱ्या त्या माणसाला सगळे खटका म्हणत. खरं नाव घरच्यांना माहीत होतं, पण ते वापरायची वेळ त्यांच्यावरही क्वचितच येई. ट्रेलरच्या पुढच्या टोकाची लोखंडी टोपी गाडीच्या हुकावरच्या गोळ्यावर नीट बसली की आतलं लॉक ‘खट्’ असा आवाज करतं. तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय तो एकही गाडी दुकानाबाहेर सोडत नसे. त्यासाठी तो रेडिओ बंद करायला लावी, गिऱ्हाइकाला बोलायचं थांबवी. एकदा तर एका बाईंना त्याने शिंक आवरायला सांगितली होती. बाईंनी आवरली.

दुकान म्हणजे पत्र्याची लांब शेड. मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने आणि कोपऱ्यात घरी वापरतात तसला वजनकाटा. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, हा माणूस तब्येतीला फार जपतो. प्रत्यक्षात तो काटा ट्रेलरच्या नाकाखाली ठेवायचा असे. भरलेल्या ट्रेलरचं जेवढं वजन, त्याचा साधारण दहावा भाग नाकावर, म्हणजे हुकावर, यायला हवा. कमी आला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि ट्रेलरने शेपटी हलवली तर ती प्रेमाने हलवलेली नसते.

हे सगळं त्याला उपजत येत नव्हतं. बावीस वर्षांचा असताना तो एका उस्तादाच्या हाताखाली काम करत होता. एका रोपवाटिकावाल्याचा ट्रेलर त्याने जोडून दिला. गोळा एका मापाचा, टोपी दुसऱ्या मापाची; बसल्यासारखी दिसली, म्हणून त्याने बसली असं मानलं. साखळ्या लावायचा त्याला कंटाळा आला. रोपवाटिकावाला चौकात वळला आणि त्याला शेजारून एक ट्रेलर पुढे जाताना दिसला. त्यातली झाडं ओळखीची वाटली. तो ट्रेलर चौक ओलांडून एका बँकेच्या दारात जाऊन शांत उभा राहिला. कोणाला लागलं नाही, एक कुंडीसुद्धा फुटली नाही. बँकेच्या पहारेकऱ्याने मात्र ‘इथे पार्किंग नाही’ म्हणून सांगितलं.

उस्ताद रागावला नाही. तो म्हणाला, “आज रस्त्यात कोणी नव्हतं. हे तुझं कर्तृत्व नाही.”

खटक्याने त्या दिवशी कानाला खडा लावला. पुढची तीस वर्षं त्याने प्रत्येक गोळ्याचं माप टोपीशी ताडून पाहिलं, साखळ्या खालून फुलीसारख्या अडकवल्या, म्हणजे टोपी निसटली तरी नाक रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडावं. ब्रेकचे दिवे, वळायचे दिवे तो गिऱ्हाइकाला गाडीत बसवून एकेक करून पाहत असे. सायकलींचा स्टँड बसवला तर आधी तो स्वतः धरून हलवी, मग गिऱ्हाइकाला हलवायला लावी. गिऱ्हाईक कुरकुरलं तर तो म्हणे, “घाई असेल तर सायकलवर बसून जा. लवकर पोचाल.” मनासारखं झालं नाही तर गाडी नापास. त्यापुढे कोणाचं काही चालत नसे. एका न्यायाधीशांची गाडी त्याने दोनदा परत पाठवली होती.

असा हा माणूस सासुरवाडीत मात्र तोंड उघडत नसे.

त्याचं कारण बायकोचा मोठा भाऊ. ते शाळेचे मुख्याध्यापक होते आणि घरीदारी सगळे त्यांना हेडसर म्हणत. खटका बायकोचं ऐकून त्यांना दादा म्हणे, ते त्याला जावईबापू म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला हेडसरांनी पंखे कसे फिरतात ते समजावून सांगितलं होतं. त्यात दोन चुका होत्या. खटक्याने मान डोलावली. तिथून जी मान डोलायला लागली ती अठ्ठावीस वर्षं थांबली नाही. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना ‘हे स्पष्ट दिसतं की ते?’ असं विचारून तिची नजर पारखी झाली होती. ती म्हणायची, “बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.” यावरही तो मान डोलवायचा.

निवृत्त झाल्यावर हेडसरांनी डोंगरापलीकडे, तलावाकाठी लहानसं घर घेतलं. सामान हलवायला माणसं बोलवायची त्यांची तयारी नव्हती. “माणसं नुसती उचलतात, विचार करत नाहीत,” असं त्यांचं मत. त्यांनी एक ट्रेलर मिळवला. गाडीला हूक खटक्याने बसवून दिला. निघायच्या दिवशी सकाळी खटका आणि बायको आपली गाडी घेऊन गेले. त्यांच्या गाडीमागच्या स्टँडवर हेडसरांच्या आणि वहिनींच्या सायकली न्यायच्या, असं ठरलं होतं.

जाऊन बघतात तो ट्रेलर भरून, ताडपत्री ओढून, दोऱ्या आवळून तयार. हेडसर हात झटकत उभे.

“या जावईबापू! तुमच्यासाठी काही कामच ठेवलं नाही.”

खटक्याने ताडपत्रीचं एक टोक उचललं. पुढे गाद्या, उशा, वेताच्या खुर्च्या. मागे, अगदी दाराशी, धुण्याचं यंत्र, फ्रीज आणि पुस्तकांच्या सतरा पेट्या.

“जड सामान मागे ठेवलंय का, दादा?”

“अर्थात. जड ते आधी उतरवायचं, तेव्हा अंगात ताकद असते. म्हणून ते दाराशी.” हेडसरांनी बोट वर केलं. “याला नियोजन म्हणतात.”

खटक्याने गाडीतून वजनकाटा काढला आणि ट्रेलरच्या नाकाखाली ठेवला. काटा जागचा हलल्यासारखाही वाटला नाही. त्याने नाक एका हाताने उचलून पाहिलं. ते दाराच्या कडीसारखं वर आलं.

“पाहिलंत?” हेडसर म्हणाले. “फुलासारखं हलकं. हुकावर भारच नाही.”

“भार हवा असतो, दादा. थोडा.”

“भार हवा असतो?” हेडसर हसले. वर्गात कोणी पृथ्वी चपटी आहे म्हटल्यावर हसावं तसं. “जावईबापू, चाळीस वर्षं मुलांना तरफ शिकवली मी. आणि आता हे सगळं पुन्हा उतरवायचं म्हणता? पहाटेपासून भरतोय.”

वहिनींनी खटक्याकडे पाहिलं. त्यांची कंबर धरली होती आणि चेहऱ्यावर एकच विनंती होती. सगळं उतरवून पुन्हा भरणं दोन तासांचं काम होतं. कोणत्याही गिऱ्हाइकाला त्याने एका शब्दात सांगितलं असतं. तो शब्द तोंडापर्यंत आला, आणि तिथे अठ्ठावीस वर्षांची मान आडवी आली.

“सावकाश जाऊ मग,” तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने नापास गाडी पास केली. टोपी गोळ्यावर बसवली, खट् झालं, साखळ्यांची फुली केली, दिवे तपासले. सगळं बिनचूक, फक्त जे चुकलं होतं ते सोडून. मग आपल्या गाडीमागच्या स्टँडवर सायकली चढवताना त्याचं लक्ष नव्हतं. पट्टे आवळले, हलवून पाहिले, संपलं. तो हेडसरांशेजारी बसला. मागून त्याची बायको वहिनींना घेऊन निघाली.

चढावर काही झालं नाही. हेडसर निवृत्तीनंतरच्या दिनक्रमाबद्दल बोलत होते. घाटमाथा ओलांडून उतार लागला, गाडीने वेग घेतला, आणि तेवढ्यात एक लांबलचक ट्रक शेजारून वाऱ्यासारखा गेला. त्याच्या झोताने ट्रेलर एका बाजूला ओढला गेला, मग दुसऱ्या बाजूला, मग पहिल्या बाजूला पण आणखी दूर. आता ट्रेलर गाडीला हलवत होता. आरशात कधी ताडपत्री दिसे, कधी दरी.

“हे काय होतंय?” हेडसर म्हणाले आणि त्यांचा पाय ब्रेककडे गेला.

“ए! ब्रेक मारू नकोस!” खटका ओरडला. “पाय काढ! दोन्ही पाय काढ!”

हेडसरांशी आजवर कोणी असं बोललं नव्हतं. त्या धक्क्यानेच त्यांचे पाय वर आले.

“स्टिअरिंग सरळ धर. फिरवू नकोस. ट्रेलर जाईल तिकडे जाऊ दे, तू सरळ राहा.”

“सरळच—”

“बोलू नकोस!”

ट्रेलरने आणखी चार झोके खाल्ले. पुस्तकांच्या पेट्या आत धडधडा आपटत होत्या. खटक्याचा आवाज मात्र दुकानातला होता. वेग हळूहळू उतरला तसा पुढचा झोका लहान झाला, त्यापुढचा त्याहून लहान. पुढे रस्त्याचा चढ आला, गाडी आपोआप मंदावली आणि रुंद कडेला येऊन थांबली. इंजिन बंद झाल्यावर दोघेही समोर बघत बसले. समोर दगडांच्या भिंतीशिवाय काही नव्हतं, पण दोघांनी ती नीट पाहून घेतली.

मागून बायकोची गाडी येऊन थांबली. ती उतरली आणि सरळ खटक्याच्या दारापाशी आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“तुम्हाला सकाळी माहीत होतं?”

“हो.”

“काटा ठेवून पाहिलात ना?”

“पाहिला.”

“आणि गप्प बसलात.”

“दादांनी एवढं भरलं होतं, वहिनींची कंबर—”

“कंबर!” ती म्हणाली. “मी मागून बघत होते. दोनदा वाटलं, गेले. माझा नवरा आणि माझा भाऊ, दोघं एकाच गाडीत. त्याला कळत नाही, तो नेहमीच असा आहे. तुम्हाला कळतं. मग चूक कोणाची?”

हेडसरांनी ‘त्याला कळत नाही’ हे ऐकलं, पण हरकत घेतली नाही. खटक्याला वाटलं होतं ती भावावर चिडेल. उस्तादानेही इतक्या नेमक्या जागी बोट ठेवलं नव्हतं. तो खाली उतरला.

“माझी,” तो म्हणाला. मग हेडसरांकडे वळला. आवाज खाली आला होता, पण मान हलली नाही. “दादा, सगळं उतरवायचं. मी सांगेन तसं भरायचं. तोवर ही गाडी हलणार नाही.”

हेडसरांनी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला घेतल्या.

धुण्याचं यंत्र, फ्रीज, पेट्या, खुर्च्या, सगळं रस्त्याच्या कडेला मांडलं गेलं. मांडल्यावर ते घरातल्यापेक्षा जास्त नीटनेटकं दिसत होतं. वहिनी एका वेताच्या खुर्चीत बसल्या. येणारे-जाणारे वेग कमी करून बघत होते; एकाने थांबून फ्रीज विकायचा आहे का असं विचारलं. हेडसर आणि खटक्याने यंत्र उचलून चाकांच्या किंचित पुढे ठेवलं, फ्रीज त्याला चिकटून, पेट्या मधोमध खाली, गाद्या मागे. दर वेळी खटका सांगे आणि हेडसर करत. दोन वेळा त्यांनी तोंड उघडलं. दोन्ही वेळा “इथे का?” एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. शेवटी काटा नाकाखाली ठेवला. हेडसर गुडघ्यावर बसून आकडा वाचायला वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “म्हणजे हा भार पुढच्याला मागच्याची खबर देतो, असं आहे तर.”

“असंच,” खटका म्हणाला. इतकं नेमकं त्याला स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं.

उरलेला रस्ता खटक्याने गाडी चालवली. उतारावर आधीच खालचा गिअर टाकला. ट्रेलर मागून असा आला की तो आहे हे विसरायला व्हावं. दुपारी ते तलावाकाठी पोचले. वाटेतच एकदा सगळं उतरवून भरण्यात बळ संपलेलं असल्याने इथे उतरवायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी तलावाला एक फेरी मारायचं ठरवलं आणि सायकल काढली. मागचं चाक वीतभर वितळलेलं होतं. टायर चॉकलेटसारखा ओघळून रिंगला चिकटला होता. खटक्याने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा आपल्या गाडीकडे. सायकलचं चाक नेमकं सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं होतं. तीन तासांचा गरम धूर त्याने मुकाट्याने खाल्ला होता. बसवणारा तोच, तपासणारा तोच.

हेडसर बाहेर आले, वाकून चाक पाहिलं, सायलेन्सर पाहिला, दोन्हींमधलं अंतर बोटांनी मोजलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “हे नापास.”

सायकलचं दुकान अर्ध्या तासाच्या चालीवर होतं. दोघे चाक सोडवून पायी निघाले. हेडसर वाटभर उष्णता रबरापर्यंत कशी पोचते ते समजावून सांगत होते. त्यात एक चूक होती. खटक्याने ती सांगितली. हेडसर थांबले, विचार केला, म्हणाले, “असं होय,” आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. दुकान उघडायला अजून वेळ होता. दोघे पायरीवर बसले, चाक मधे ठेवून.