लांद्रीला सुतक नाही

पुरोहितांच्या घराच्या पडवीत आठ बायका नारळाची कोवळी पानं कापत बसल्या होत्या. लग्न असो, वयात आलेल्या पोरांचे दात कानशीनं घासून सारखे करण्याचा विधी असो, नाहीतर मढं जाळायचं असो, देवापुढं मांडायचं बांतेन आसपासची गावं याच घरातून नेत. पानांच्या परड्या, रंगीत भाताच्या बाहुल्या, फुलांचे मनोरे, सगळं या बायकांच्या हातचं. त्यांची मुकादम नेंगह लांद्री. वय शेहेचाळीस, बोलणं कमी, आणि सुरी अशी चालायची की तिच्याकडं बघता बघता नव्या बायका स्वतःची बोटं कापून घेत.

मालकीण दायू राका हातात कागद घेऊन आली.

"अग्निसंस्कार आहे, येत्या बुधवारी. कुबूकडचं गाव आहे, आगुंग डोंगराच्या पार पलीकडं. गेलेला पोरगा तरणाच, गं. पुतू आर्नावा, चोवीस वर्षं. वाळूच्या खाणीत कडा कोसळला म्हणे अंगावर. बापाचं नाव गेदे मुदिता."

लांद्रीची सुरी चालतच राहिली. पान संपलं तरी चालत राहिली. मांडीवरच्या पाटाचं नुसतं लाकूड कापलं जाऊ लागलं, तेव्हा शेजारणीनं तिचा हात धरला.

"काय झालं गं?"

"माझा आहे," लांद्री म्हणाली. "तो मुलगा माझा आहे."

पडवीत कुणाला हे ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं ती तिथं काम करत होती, आणि लग्न झालेलं, मोडलं, एवढंच तिनं सांगितलं होतं. पोर नाही का, असं विचारलं की ती सुपारी कातरायला घ्यायची.

खरं तर सांगण्यासारखं फार नव्हतंच. विशीत ती गेदे मुदिताच्या घरी नांदायला गेली. बाहेर काळी राखेची जमीन, पाणी विकत, शेळ्या चार. पुतू चार वर्षांचा असताना गेदेनं स्रियासीह नावाची दुसरी बाई घरात आणली आणि लांद्रीला म्हणाला, "राहायचं तर राहा. चूल वेगळी करून देतो." ती राहिली नाही. घर सोडणाऱ्या बाईनं कपडे न्यावेत, भांडी न्यावीत, लेकरू नेऊ नये. लेकरू बापाच्या घराचं, बापाच्या देव्हाऱ्याचं. गावच्या पंचांनी तिला हे समजुतीच्या सुरात सांगितलं आणि वर कॉफीही पाजली. ती माहेरी आली. भावानं कोपऱ्यातली खोली दिली. भावजयीनं दिली नाही, पण काढूनही घेतली नाही.

त्यानंतर वीस वर्षांत पुतू तिला तीनदा भेटला. तिन्ही वेळा गुनुंग कावीच्या पायऱ्यांवर, कड्यात कोरलेल्या जुन्या राजांच्या देवळांसमोर, कारण भावाच्या घरी बोलवायची सोय नव्हती. शेवटच्या वेळी तो मोटरसायकलवर आला होता. केळीच्या पानातलं डुकराचं मांस त्यानं दोन माणसांचं खाल्लं आणि आईला म्हणाला, "मेमे, माझं लग्न झालं की तू माझ्याकडं यायचं. तेव्हा घरात माझं चालेल."

ती म्हणाली होती, "आधी पोटभर खा."

दायू राकानं तिला आतल्या खोलीत नेलं. दायू कठोर नव्हती, पण तिचं सगळं शास्त्राप्रमाणं चाले.

"जा तू. आजच जा. हे काम मी दुसरीकडून करून घेते."

"दुसरीकडून?" लांद्री म्हणाली. "त्या बाजारातल्या बायकांकडून? त्या भाताची बाहुली करतात, तिला मान नसते."

"मग काय करणार आहेस? त्या घरात पाऊल टाकलंस, मढ्याला शिवलीस, की तुला सुतक. मग ना बांतेनला हात लावता येईल, ना देवळात जाता येईल. इथं राहिलीस तर… रीतीप्रमाणं तुला सुतक नाही. तू त्या घरची राहिलेली नाहीस."

लांद्रीनं गेदेला फोन लावला. वीस वर्षांनी.

"हां, कळलं का तुला?" गेदे म्हणाला. आवाज बसला होता. "सांगणारच होतो. घरात गर्दी, कुणाकुणाला सांगू?"

"मला सांगायचं होतं."

"आता भांडू नकोस. यायचं तर ये. चार पाहुणे येतायत तशी ये. फक्त तमाशा नको."

मग तिनं कामाचंच विचारलं. तीर्थ कुठून आणणार? बातूरच्या देवळातलं आणि बेसाकिहचं, दोन्ही लागणार होतं. गेदे म्हणाला, घरात सगळ्यांना सुतक, भावकी कामात, बघू कुणालातरी पाठवू.

"मी आणते," लांद्री म्हणाली. "बांतेनही मीच करते. पण एक कर. त्याची आंघोळ मी आल्याशिवाय घालू नको. दुपारी बारापर्यंत पोचते. तोंड बघू दे मला."

"बरं बरं."

"बरं नको. शब्द दे."

"दिला," गेदे म्हणाला.

पाच दिवस ती पडवीतून उठली नाही. मुलाच्या डोळ्यांवर ठेवायचे आरशाचे तुकडे तिनं स्वतः घासून साफ केले. नाकावर ठेवायच्या फुलांच्या कळ्या निवडल्या, दातांवर ठेवायचं लोखंड पुसलं. तांदूळ हळदीत रंगवताना बाकीच्या बायका हळू बोलत. एकीनं रडायला सुरुवात केली, तेव्हा लांद्री तिला म्हणाली, "बाजूला होऊन रड. तांदळात पडेल."

मंगळवारी सगळं बांतेन दोन ट्रकमधून पुढं गेलं. बुधवारी उजाडता उजाडता लांद्री केतुत लेम्पोगच्या पिकअपमध्ये बसली. लेम्पोग दायूचा ड्रायव्हर. तोंडात कायम लवंगेची सिगारेट, आणि तोंड गप्प ठेवणं त्याला जमत नसे. लांद्रीला तो म्बोक म्हणे, म्हणजे ताई.

"म्बोक, थंडी आहे, ही शाल घ्या. बायकोची आहे. तिला सांगू नका."

किंतामानीपर्यंत धुकं होतं. बातूरच्या देवळात उतरल्यावर तिनं नारळ, तांदूळ आणि अंड्याचं ताट डोक्यावर घेतलं. दाराशी पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा पुजारी बसला होता.

"कशासाठी तीर्थ?"

"अग्निसंस्कार आहे, मान्कू. कुबूकडं. तरणा मुलगा."

"तुमचा कोण लागत होता?"

लांद्रीनं ताट खाली ठेवलं. "आमच्याकडं बांतेनचं काम आहे."

"ते झालं हो. घरात कुणी गेलंय का तुमच्या? सुतक-बितक? विचारावं लागतं. मागं एक बाई खोटं बोलून आत आली, त्या वर्षी सरोवरातले सगळे मासे उलटे झाले."

"नाही," लांद्री म्हणाली. "माझं कुणी गेलेलं नाही."

पुजाऱ्यानं तिला आत सोडलं. अकरा छपरांच्या उंच देवळासमोर ती मांडी घालून बसली, हात कपाळावर नेले, आणि काय मागावं ते तिला सुचेना. बांबूच्या नळकांड्यात पाणी भरून मिळालं. ती बाहेर आली तेव्हा धुकं फाटून खाली काळा लाव्हा आणि सरोवर दिसत होतं.

लेम्पोगनं तिचा चेहरा बघितला आणि नुकती पेटवलेली सिगारेट विझवली.

मग म्हणाला, "म्बोक, तुम्ही खोटं बोललात असं वाटून घेऊ नका."

"मी खोटं बोलले नाही, केतुत. तेच तर."

बेसाकिहला त्याच प्रश्नाला तिनं तेच उत्तर दिलं. या वेळी तो तरुण पुजारी होता. त्यानं मोबाइलवर बोलता बोलता विचारलं आणि उत्तर ऐकलंही नाही. आगुंगच्या पोटाशी देवळांच्या पायऱ्या वर वर चढत गेलेल्या. तिचे गुडघे दुखत होते. सासरी असताना याच डोंगराची पाठ तिला रोज दिसायची. तिकडून तो नुसता उघडा दगड, इकडून हिरवा.

पुढं सेलातच्या खाली ट्रकच्या रांगेत ते अडकले. काळी वाळू भरलेले ट्रक, एकामागं एक, सगळे त्याच बाजूनं येणारे.

"हे बघा, तुमचा डोंगर चालला विकायला," लेम्पोग म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "माफ करा, म्बोक."

ती घड्याळाकडं बघत होती. साडेदहा. गेदेचा फोन कुणी उचलेना.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना ते गावात शिरले. गामेलानच्या झांजा-घंटा वाजत होत्या. अंगणात माणसांची दाटी, पांढरे-काळे कपडे, जेवणाच्या पत्रावळी. आणि फाटकाबाहेर रस्त्यावर बांबूचा मनोरा उभा होता, तो खांद्यांवर घेण्यासाठी पोरं तयार होऊन उभी होती. वर पांढऱ्या कापडात, चटईत गुंडाळून, दोरीनं सात ठिकाणी बांधलेला लांबट गठ्ठा.

लांद्री दोन्ही नळकांडी छातीशी धरून तशीच उभी राहिली.

गेदे गर्दीतून आला. केस पांढरे, पोट सुटलेलं. तिनं त्याला चालीवरून ओळखलं.

"आंघोळ नवालाच घालावी लागली," तो म्हणाला. "पुरोहिताला दुपारी दुसरीकडं जायचं होतं. माणसं किती वेळ थांबणार? आणि ऊन बघ."

"शब्द दिला होतास."

"शेजारच्या देवळातलं तीर्थ होतं, त्यावर भागवलं. तुझं स्मशानात वापरू. वाया नाही जाणार." मग आवाज उतरवून म्हणाला, "बघण्यासारखं तोंड राहिलंही नव्हतं, लांद्री. कडा पडला होता."

"ते मी ठरवलं असतं," ती म्हणाली.

कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

मनोरा उचलला गेला. भुताला घराची वाट सापडू नये म्हणून तो चौकात तीनदा गरागरा फिरवला. पोरं ओरडत होती, पाणी उडवत होती, हसत होती. रीतच तशी. लांद्री बांतेन डोक्यावर घेतलेल्या बायकांच्या रांगेत चालली, कारण घरच्या बायकांच्या रांगेत तिला कुणी जागा केली नाही. स्मशानात पुरोहितानं तिची नळकांडी घेतली, पाणी गठ्ठ्यावर ओतलं आणि ती रिकामी नळकांडी दगडावर आपटून फोडून टाकली. ग्यासच्या नळ्या लावल्या. मोठा आवाज करत जाळ लागला. दीड तासात सगळं उरकलं.

राख नारळाच्या करवंटीत भरून समुद्राकडं नेली. काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर एक होडी होती. गेदे बसला, त्याचा भाऊ बसला, स्रियासीह आणि तिची पोर बसली. लांद्री पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन होडीच्या काठाला हात लावून उभी राहिली.

स्रियासीह म्हणाली, "म्बोक, जागा नाही हो. होडी कलंडेल." ते ती दुष्टपणानं म्हणाली नव्हती. खरोखरच जागा नव्हती.

लांद्रीनं हात काढला.

होडी परत आल्यावर सगळे मोकळे बोलू लागले. स्रियासीह ओल्या लुगड्यानं तिच्याजवळ आली, तिचे दोन्ही हात धरले. "काय सुंदर झालं होतं सगळं! लोक विचारत होते, कुठून आणलं म्हणून. तुम्ही होतात म्हणून झालं. पुढं माझ्या लेकीचे दात घासायचे आहेत. तेव्हाही तुम्हीच, हं?"

"दायूला फोन करा," लांद्री म्हणाली.

परतीच्या वाटेवर लेम्पोगनं गाडी थांबवून तिला कॉफी आणि उकडलेली रताळी आणून दिली. तिनं खाल्ली. सबंध दिवस पोटात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दायू राकानं निरोप पाठवला: स्मशानात गेली होतीस, आता तीन दिवस कामाला येऊ नको, सुतक आहे. तोच निरोप लेम्पोगलाही होता. त्यालाही तीन दिवस. भावजय म्हणाली, "देव्हाऱ्याकडं फिरकू नकोस तेवढे दिवस," आणि लांद्री तीन दिवस आपल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. चौथ्या दिवशी उठली, न्हाली, कामावर गेली.

अडीच महिन्यांनी स्रियासीहच्या लेकीच्या दात घासण्याच्या बांतेनची मागणी आली. दायूनं कागद बाजूला सारून विचारलं, "नको म्हणू?"

"कशाला? करते मी."

त्या वेळी लांद्रीनं पानं बाजारातून तयार शिवलेली आणली. बांबूच्या काडीनं न टाचता स्टेपलरच्या पिनांनी टाचलेली, कडेला सुकलेली. भाताच्या बाहुल्याही विकतच्याच. त्यांना मान नव्हती. पडवीतल्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. सोळा वर्षांत तिच्या हातून असलं काम कधी बाहेर गेलं नव्हतं.

आठवड्यानं कुबूहून फोन आला. स्रियासीह सांगत होती, बांतेन इतकं देखणं झालं, इतकं देखणं झालं, की गावात अजून त्याचंच बोलणं चाललंय.