धुवायला आलेली सिरिंज

शाळेत माझी ही मैत्रीण शेवटच्या बाकावर बसायची, पण तिच्या वहीत कधी शाईचा डाग दिसला नाही. रंगद्रव्यांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याची नोकरी तिला मिळाली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. तिची नणंद मात्र टोमणा मारायची, "वहिनी, घरी भांडी, तिथंही भांडी. मग शिकलीस कशाला?" ती हसून सोडून द्यायची. रोज काय काय धुतलं ते मात्र न चुकता एका वहीत लिहायची.

तिथल्या मोठ्या बाईंना एकच ध्यास होता. चमकणाऱ्या रंगाचे रेणू पाण्यात आपोआप एकत्र येतात, डोळ्यांना न दिसणारे कण बनवतात, पण त्या दाटीत एकमेकांचा उजेड विझवून टाकतात. मध्ये बिनरंगी रेणू बसले तर अंतर राहील आणि कण झळाळतील, असं बाई म्हणत. पाच महिने हाती काही लागलं नाही. मग एका मंगळवारी जांभळ्या दिव्याखाली एक बाटली केशरी उजळली. पुन्हा करून पाहिलं, तर मिट्ट काळोख.

बाईंच्या हाताखालच्या संशोधक साहेबांनी निदान केलं: बाटलीत साबण राहिला असणार, तोच चमकला. तिच्या एकोणीस वर्षांच्या कामाला बट्टा लागला. त्या संध्याकाळी ती जेवलीसुद्धा नाही, असं तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं.

सकाळी वही घेऊन ती बाईंच्या टेबलापाशी गेली. आधी साबणाचं पाणी दिव्याखाली धरलं. ते निळसर चमकलं, केशरी नव्हे. मग तिनं मंगळवारचं पान उघडलं.

"बाई, त्या दिवशी धुवायला ड्रॉपर आलाच नव्हता, सिरिंज आली होती. त्यानंतर रोज ड्रॉपरच येतोय."

साहेबांना आठवलं. त्या दिवशी घाईत त्यांनी सगळं मिश्रण एका दमात पाण्यात सोडलं होतं. नंतर जास्त काळजी घ्यायची म्हणून थेंब थेंब टाकत राहिले, आणि तेवढ्या वेळात रेणू भलतेच गोळे करून बसत होते.

बाईंनी सिरिंज मागवली. एक बाटली उजळली, मग दुसरी, मग ओळीनं सात. शोधनिबंधात बाईंनी तिचं नाव घातलं. तो कागद नणंद शेजारणीला दाखवून आली.

साहेब ओशाळून स्वतःच सिरिंज धुवायला निघाले होते. तिनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या साहेब. तुमच्याकडून साबण राहील."