मुलाखतीआधीच लागलेलं वेळापत्रक

आम्ही इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला राहायला आलो तेव्हा माझ्याकडे नवऱ्यामुळे मिळालेला डिपेंडंट व्हिसा होता, एका विमा ऑफिसात पार्ट टाइम नोकरी होती आणि संध्याकाळी करायला काहीच नव्हतं. नागपूरला मी विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळले होते. ट्रेननं वीस मिनिटांवरच्या एका गावात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांचं सिक्स्थ फॉर्म कॉलेज होतं. तिथल्या मुलींच्या टीमला कोच हवा आहे, अशी चिठ्ठी मी लायब्ररीच्या बोर्डावर वाचली आणि फोन केला. कॉलेजच्या स्पोर्ट विभागाचे प्रमुख पन्नाशीचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला दहा मिनिटं बॉल टाकायला लावला आणि त्याच आठवड्यात सुरुवात करा म्हणाले.

तीन वर्षं मी मंगळवार-गुरुवार तिथे जात होते. तासाच्या हिशोबानं थोडे पैसे मिळत. सुरुवातीला सहा मुली होत्या, तिसऱ्या वर्षी अकरा झाल्या. त्यांतली एक आपली होती. आईवडील पुण्याचे, ती जन्मली रेडिंगला. कोर्टवर ती मला कोच म्हणायची आणि बाहेर काकू. तिचं मराठी ऐकताना माझी आई असती तर कानांत बोटं घातली असती, पण पास द्यायची तिची नजर मी नागपूरलाही फार कमी जणींत पाहिली होती.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कॉलेजला एक देणगीदार मिळाला. त्याच कॉलेजात शिकलेला आणि आता गाड्यांच्या शोरूम्सचा मालक असलेला माणूस. हॉलला नवी लाकडी फरशी, इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड आणि पूर्ण वेळचा बास्केटबॉल कोच, एवढं तो देणार होता. प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून जाहिरात दाखवली आणि म्हणाले, तुम्ही अर्ज करायलाच हवा, इथली टीम तुमच्याइतकी कुणाला माहीत आहे?

मी अर्ज केला. सरावाचा वर्षभराचा आराखडा तयार केला, नवऱ्यासमोर दोनदा मुलाखतीची तालीम केली. तो कपडे इस्त्री करता करता प्रश्न विचारायचा आणि मी उत्तरं द्यायचे. नोकरी मिळाली तर विमा ऑफिस सोडायचं, हेही आमचं ठरलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी मी लवकर पोचले, म्हणून हॉलकडे चक्कर मारली. दाराशेजारी सप्टेंबरपासूनचं हॉलचं वेळापत्रक लावलेलं होतं. सोमवार ते शुक्रवार, रोजच्या संध्याकाळच्या चौकटीत मुलांच्या टीमचा सराव. मुलींच्या टीमला बुधवारी दुपारी एक तास, तोही जुन्या छोट्या जिममध्ये. जो कोच अजून नेमायचा होता त्यानं आपल्या वेळा आधीच ठरवून दिल्या होत्या. मी तो कागद दोनदा वाचला आणि मग मुलाखतीला गेले.

टेबलामागे तिघं होते. प्रमुख, कॉलेजच्या ऑफिसातल्या एक बाई आणि देणगीदार. माझा आराखडा कुणी उघडला नाही. देणगीदारानं विचारलं, हवामानाची सवय झाली का. बाईंनी विचारलं, व्हिसाची मुदत कधीपर्यंत आहे. पंधरा मिनिटांत मी बाहेर होते. घरी येऊन नवऱ्याला वेळापत्रकाचं सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, कुणीतरी कच्चं काहीतरी लावलं असेल. तुला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं."

आठवड्यानं नकाराचं पत्र आलं. सप्टेंबरात अमेरिकेहून नवा कोच आला. साडेसहा फूट उंच आणि इतका नम्र की मला त्याचा आणखीच संशय आला. त्याच्या पाठोपाठ तीन उंच मुलगे आले, एक अमेरिकेतून आणि दोन युरोपातून, एका वर्षाच्या कोर्सला. कॉलेजची मुलांची टीम, जी आधी शेजारच्या गावाकडूनही हरायची, ती महिन्याभरात जिंकायला लागली. शनिवारी हॉल भरू लागला. मुलांच्या जर्सीवर शोरूमचं नाव आलं. मुलींना मागच्या वर्षीच्याच जर्सी होत्या.

मी मुलींची टीम सोडली नव्हती. ऑफिसातून बुधवारी दुपारी सुट्टी काढून जायचे आणि जमेल तेवढं पाहून ठेवायचे. ते तीन मुलगे वर्गात बसतात का, हे मी इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, दोघं नियमित येतात, एकाचा निबंध तर वर्गात वाचून दाखवला. तिसऱ्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी त्या तिसऱ्यालाच धरून बसले. आज मागे वळून बघताना त्याची थोडी लाज वाटते. मला हवं होतं की काहीतरी निघावं.

ख्रिसमसच्या सुट्टीआधी एकदा कोच पार्किंगमध्ये भेटला. मी मान वळवून निघाले होते, पण त्यानं थांबवलं. म्हणाला, माझ्याशी बोलायचं टाळताय असं वाटतं. मी म्हटलं, आमच्या दोन संध्याकाळी तुम्ही घेतल्यात, तेही मुलाखत व्हायच्या आधी. तो खरंच गोंधळला. मग त्यानं सांगितलं की एप्रिलमध्येच फोनवर त्याचं सगळं ठरलं होतं. सरावाच्या वेळा पाठवा म्हणाले, त्यानं पाठवल्या.

"मला सांगितलं होतं की इथे मुलींची टीम नाही," तो म्हणाला. "तुम्हाला बघितलं तेव्हा वाटलं, तुम्ही कुणाच्या तरी पालक असाल."

त्याचा करारही एकाच वर्षाचा होता. देणगीदार खूश असेल तर पुढचं वर्ष, नाहीतर बायकोमुलांसकट परत. हे ऐकून मी त्याच्यावर विश्वास ठेवला असं नाही. पण माझा संशय त्याच्यावरून उठून दुसरीकडे गेला.

सुट्टीनंतर मी प्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. एप्रिलमध्ये माणूस ठरला होता, तर जूनमध्ये मला अर्ज का करायला लावलात, एवढंच विचारलं. त्यांनी पेनाला टोपण घातलं.

"यादीत किमान दोन नावं लागतात," ते म्हणाले. "आणि तुम्ही वाईट वाटून घेणार नाही, असं वाटलं."

मला वाटलं होतं की मी भांडेन. पण मी नुसतं म्हटलं की मुलींची टीम मी इथून घेऊन जातेय. त्यांनी अडवलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव मला स्पष्ट दिसला.

कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, लेजर सेंटर नावाच्या क्रीडा संकुलात आम्हाला गुरुवारी सातची वेळ मिळाली, बॅडमिंटनवाल्यांच्या आधी. अकरापैकी आठ मुली आल्या. त्यांच्या आया आळीपाळीनं गाडी चालवायच्या. जिल्ह्याच्या छोट्या लीगमध्ये आम्ही कॉलेजचं नाव न लावता उतरलो. दुसऱ्या मॅचला प्रेक्षकांत तो अमेरिकन कोच बसलेला दिसला. मध्यंतरात त्यानं मला एका कागदावर बचावाची एक चाल काढून दिली. मी ती त्या दिवशी वापरली नाही. तो कशाला आलाय तेच मला कळत नव्हतं. पुढच्या मॅचला वापरली आणि जिंकलो.

पुढच्या वर्षासाठी त्याचा करार वाढला आणि तो आमच्या मॅचला आणखी एकदा आला. या वेळी त्याच्याबरोबर एका युनिव्हर्सिटीचा कोच होता. महिन्याभरानं रेडिंगच्या त्या मुलीचा फोन आला.

"काकू, माझी लेटर आला. स्कॉलरशिप आहे. आई म्हणतो आधी तुम्हाला दाखव."

मी रविवारी त्यांच्याकडे गेले. आईनं पोहे केले होते, वडील पत्र हातात घेऊन उभेच होते. फीमध्ये मोठी सवलत होती, चांगला विषय होता. सगळं छान. शेवटच्या पानावर एक ओळ होती की सवलत दर वर्षी कोचच्या शिफारशीनं पुढे चालू राहील. वडील म्हणाले, "तुम्ही यातल्या आहात. सही करू का?" मी म्हटलं, आधी एक फोन करते.

त्या युनिव्हर्सिटीच्या कोचला मी तिथूनच, स्पीकरवर, फोन केला. दुखापत झाली तर काय, हे विचारलं. तो म्हणाला, त्या वर्षापुरती सवलत राहील. मग विचारलं, तुम्हीच नोकरी सोडलीत तर?

"मग जो येईल तो ठरवेल," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू."

मी फोन ठेवला. मुलीला सांगितलं की पैसे थांबले तरी हा विषय तिथेच शिकायचा आहे का, एवढा विचार कर. खेळासाठी जाऊ नकोस. ती म्हणाली, विषयासाठीच जाणार होते. आईनं मला पुन्हा पोहे वाढले आणि वडिलांनी सही केली.

त्याच हिवाळ्यात मंदी आली आणि गाड्यांचा धंदा बसला. देणगीदारानं हात काढून घेतला आणि वर्ष संपताच अमेरिकन कोच कुटुंबासकट परत गेला. जायच्या आधी तो लेजर सेंटरमध्ये येऊन सगळ्या मुलींशी हात मिळवून गेला. कॉलेजातून प्रमुखांचा मला फोन आला, मुलांची टीम तात्पुरती बघाल का म्हणून. मी विचार करून कळवते म्हटलं आणि कळवलं नाही. आमची मुलींची टीम गुरुवारी सातलाच खेळत राहिली.

आणि ती मुलगी? दर जुलैमध्ये मी तिच्या फोनची धास्ती घेऊन बसायचे. दुसऱ्या वर्षी तिचा कोच खरंच बदलला. तिसऱ्या वर्षी तर ती पहिल्या पाचात नव्हती, बाकावर बसून असायची. तरी सवलतीचं पत्र दोन्ही वर्षं वेळेवर आलं. नवरा म्हणतो, माणसं चांगलीही असतात. असतील. नव्या कोचनं तिच्यातलं काही पाहून शिफारस केली, की सवलतीची जुनी यादी कुणी न बघताच पुढे सरकवली, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचं धाडस मी केलं नाही.