वेढेमास्तरांचा रविवार

वेढेमास्तर तार गुंडाळायला बसले की सक्करदऱ्याच्या तलावातले बेडूकही श्वास रोखून धरत. मी तर त्यांच्या घरात चपला हातात घेऊन शिरायचो. आठाण्याएवढं फेराइटचं काळं कडं, त्याच्या भोकातून आत-बाहेर करणारी तांब्याची बारीक तार आणि ओठांवर आकडा. मध्ये कुणी बोललं की सगळी तार उलगडून पुन्हा एकपासून. एकदा काकूंनी चहाचं नुसतं विचारलं, तर एकतीस वेढे सुटले. काकू म्हणाल्या, "लग्नात सात पावलं चालले, तेव्हा नाही मोजली यायनं."

नागपुरातल्या आम्हा हौशी रेडिओवाल्यांच्या सेटमधली ही टोरॉइड कॉइल मास्तरांच्याच हातची असे. आम्ही स्वतः गुंडाळायचो ती वेढे बाहेरून मोजून, आणि दर वेळी एकाने चुकायचो. माझ्या पहिल्या कॉइलवर सेट असा भरकटला की बुटीबोरीपर्यंतच्या कोंबड्या अवेळी आरवल्या म्हणतात. मास्तरांनी ती नखाने तपासली. "तार भोकातून एकदा गेली का एक वेढा झाला गा. बाहेरून काहून मोजतं? बाहेर तं सारेच दिसते."

मास्तर तारखात्यातून निवृत्त झालेले. वीस वर्षं नागपूर-जबलपूर लाइनवर त्यांनी एका माणसाशी कट्ट-कडकट्टमध्ये गप्पा मारल्या होत्या. त्याला ताप आलाय हे त्यांना त्याच्या ठोक्यावरून कळे. पण दोघांनी एकमेकांचा आवाज कधी ऐकला नव्हता. निवृत्तीनंतर दोघांनीही रेडिओचा परवाना काढला, तो त्याचसाठी. जबलपूरवाल्याचा सेट तयार झाला. मास्तरांचा एका कॉइलवाचून अडला, कारण त्यांच्याकडचं शेवटचं कडं मी मागून नेलं होतं. तसं कडं नागपुरात मिळायचं नाही. परदेशातून कुणी आणलं तरच. "आठ दिवसांत दुसरं आणून देतो, मास्तर," मी म्हणालो. त्या आठ दिवसांना दोन वर्षं झाली.

शेवटी लाजेकाजेस्तव एका रविवारी सकाळी मीच त्यांना माझ्या सेटवर बोलवलं. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले. जबलपूर लागलं. जाड, घोगरा आवाज आला, "मास्टर, बोलो भाई."

मास्तरांनी माइककडे हात नेला. पण अशा प्रसंगी प्रस्तावना नको का? मी माइक घेतला आणि मास्तरांची ओळख करून देऊ लागलो. त्यांच्या बोटांवर आलो, तारखात्यावर आलो, तिथून स्वतःच्या अँटेनावर गेलो. मास्तर एकदा हळूच म्हणाले, "मले दे ना गा." मी हातानेच थांबा म्हटलं. आणि लाइट गेली.

दुपारपर्यंत बसलो, आली नाही. "राहू दे," मास्तर म्हणाले, "पुढचा रविवार आहे ना." पुढच्या रविवारी मी खाप्याला लग्नात जेवत होतो. त्याच आठवड्यात जबलपूरहून त्या माणसाच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं. वडील गेले.

मी सेट उघडला, त्यांच्याच कड्याची कॉइल उपटली आणि तशीच मास्तरांच्या हातात नेऊन ठेवली. या वेळी प्रस्तावना केली नाही. माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग.

मास्तरांनी भोकावरून नख फिरवत सगळे वेढे मोजले. मी गप्प होतो, म्हणून एकदाही पुन्हा मोजावे लागले नाहीत. मग कॉइल माझ्या तळहातावर परत ठेवली.

"बसव परत, चालू दे तुहा सेट. मले आता कोनाशी बोलाचं आहे?" माझी मूठ मिटवत म्हणाले, "म्या त्याचा आवाज आयकला गा. त्यानं माहा नाही आयकला."

कॉइल मी बसवली. सेट उत्तम चालला. पण त्यानंतर मी माइक हातात घेतला की आधी पलीकडच्याला विचारायचो, तुमच्या शेजारी कुणी बोलण्यासाठी थांबलंय का? लोकांना वाटायचं, याचं डोकं फिरलं.