काशिनाथच्या वहीतलं सातवं पान

आमच्या नरपडच्या घरातला कॉम्प्युटर काशिनाथने जाळला नव्हता. मी जाळला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. आताही लिहितोच आहे, सांगत नाही. या दोन्हींत फरक आहे आणि तो मला चांगला ठाऊक आहे.

काशिनाथ जवळच्याच कैनाड गावचा. डहाणूतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दहा वर्षं काढून तो स्वतःच्या जिवावर घरोघरी जाऊ लागला होता. जुनी स्कूटर आणि पायांमध्ये पत्र्याची पेटी. घरी आला की पाणीही न पिता आधी कॅबिनेटची बाजू उघडायचा, डोळे मिटायचा आणि आत नाक घालून वास घ्यायचा. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा मी हसलो होतो. त्याने डोळे न उघडताच सांगितलं, "पाल मेलीय, शेठ. पंख्याच्या मागं. पावसाळ्यातली असंल."

पाल निघाली. वाळून पापड झालेली. तिच्यासोबत झुरळांची अंडी, खाऱ्या हवेने हिरवट पडलेले स्क्रू, आणि धुळीचा व स्वयंपाकघरातल्या तेलाच्या वाफेचा चिकट, काळा थर. शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांचा वासही त्यात मुरला होता. मी नाकाला रुमाल लावला. काशिनाथ दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक पाकळी साफ करत बसला. "आधी सफाई, मग शर्यत," म्हणाला. "मळलेल्या घोड्याला चाबूक मारून काय उपयोग?"

त्याला बोलावलं होतं ते शर्यतीसाठीच. दादाची मुलगी मृणाल आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या इमारतीचं एक चित्र मशीनमधून तयार होऊन बाहेर पडायला तासन् तास लागायचे आणि जमा करायची तारीख आठवड्यावर आली होती. नवं मशीन घ्यायची दादाची तयारी नव्हती. प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो, हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. काशिनाथला ते वाचायची गरज नव्हती. कैनाडला भंगारातून जुळवलेलं स्वतःचं मशीन तो कित्येक वर्षं तसंच पळवत होता.

काशिनाथ माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. तरी मी त्याला 'काशा' म्हणायचो, 'अरे' म्हणायचो. तो मला 'धाकले शेठ' आणि दादाला 'मोठे शेठ'. त्याची आई आमच्या वाडीत चिकू तोडायला यायची. तेवढं पुरेसं होतं. हे कुणाला खटकत नव्हतं, आणि मला खटकायला किती वर्षं लागली ते सांगायचीही लाज वाटते.

त्याने आधी मृणालचं सगळं काम वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं. "आधी नक्कल, मग अक्कल." मग प्रोसेसरवरची, त्याची उष्णता ओढून घेणारी जुनी, खडूसारखी सुकलेली पेस्ट पुसली आणि नवी लावली. मी ट्यूब हातात घेऊन जास्त दाबली तर त्याने माझं मनगट धरलं. "तुरीचा दाणा, शेठ. वालाचा नाय." आणि मग विचारलं, "वाडीतला पंप कधी चालू होतो?"

मला कळेना. पंपाचा इथे काय संबंध?

"तुमचा पंप चालू झाला की घरातले दिवे मंदावतात का नाय? मग. तेव्हा या मशीनला पण कमी मिळतं. पंप बंद असताना सगळेच पैलवान."

ही गोष्ट इंटरनेटवर मला कुठेही सापडली नव्हती. त्या दिवशी तो सकाळी नऊलाच आला होता. पंप सुरू होईपर्यंत थांबला आणि मगच बायोस, म्हणजे मशीनची मूळ सेटिंग, उघडून वेग एक पायरी वाढवला. एक पायरी वाढवायची, प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्राम चालवायचा, तासभर तापमान बघत बसायचं, वहीत लिहायचं. मग पुढची पायरी. व्होल्टेजला त्याने जवळजवळ हातच लावला नाही. मी घाई केली की म्हणायचा, "बसा ना, शेठ. मशीन बोलतं. आपण ऐकायच्या आधी बोट पुढं करतो."

वही हा त्याचा खास प्रकार होता. प्रत्येक मशीनची वेगळी वही, खिशात मावेल एवढी, सुतळीने कॅबिनेटच्या स्क्रूला टांगलेली. दवाखान्यात पलंगाला रोग्याचा कागद टांगतात, तशी. मालकाने काही बदललं तर त्यानेही तिच्यातच लिहायचं. आणि प्रत्येक पानाला तो आधीच आकडे घालून ठेवायचा. मी विचारलं होतं, कशाला रे? तर म्हणाला, "लोक पान फाडून त्यावर सामानाची यादी करतात, शेठ. मग मला कळायला नको?"

चार पॉइंट दोन गिगाहर्ट्झ वेगाला मशीन एकदा अडखळलं. त्याने लगेच खाली आणलं. सातव्या पानावर त्याच्या गोल अक्षरात आहे: "४.१. पंप चालू, एक तास. तापमान ७२. बेस. इथंच थांबायचं." 'बेस', म्हणजे झकास, हा त्याचा सर्वांत मोठा शेरा. मृणालचं चित्र आता कितीतरी लवकर निघू लागलं. दादासुद्धा खूश झाला. चिकूवाल्यांच्या सोसायटीत दादा कमिटीवर होता. तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरची देखभाल काशालाच द्यायची, असं तो जेवताना बोलला. काशिनाथच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्याने स्कूटरची किक तीनदा चुकवली. घरोघर हिंडणाऱ्या माणसाला पक्कं काम मिळणार होतं.

आणि मला ते चार पॉइंट एक सलत राहिलं.

का, याचा विचार मी खूप केला आहे. मृणालला गरज नव्हती. मशीनला गरज नव्हती. मला बोचत होतं ते हे, की आमच्या वाडीत चिकू तोडणाऱ्या बाईच्या मुलाने मला माझ्याच घरात 'थांबा' म्हणून सांगितलं होतं. इतकं बारीक, इतकं घाणेरडं कारण. त्या पालीपेक्षाही घाणेरडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी बायोस उघडून व्होल्टेज भरपूर वाढवलं आणि वेग थेट चार पॉइंट चारला नेला. अर्धा तास टेस्ट चालवली. काही झालं नाही. पंप बंद होता. त्याच पानावर, त्याच्या 'थांबायचं'खाली मी लिहिलं: "४.४. अर्धा तास. ओके. काशा उगाच घाबरतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी मृणालने शेवटचं मोठं चित्र काढायला लावलं. दादा नेहमीप्रमाणे वाडीत गेला आणि त्याने पंप सुरू केला. घरातले दिवे मंदावले, कॅबिनेटमध्ये फटाक्यासारखा आवाज झाला आणि जळलेल्या केसांचा, किंचित गोडसर वास सगळ्या खोलीत पसरला. वीज पुरवणारा डबा गेला आणि जाताना बोर्ड आणि डिस्क घेऊन गेला. मृणाल रडायला लागली. दादाने काशिनाथला फोन लावला.

कैनाडहून नरपडला स्कूटरने यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा माझ्या हातात होता. मी खरं बोलू शकलो असतो. मी काय केलं? सुतळीची वही उघडली, ते पान फाडलं आणि घडी करून शर्टाच्या खिशात घातलं. माझ्या बोटांची मला आजही किळस येते. लिहिताना तीच बोटं वापरतो आहे.

काशिनाथ आला. कॅबिनेट उघडलं, डोळे मिटून वास घेतला, बराच वेळ. मग वही हातात घेतली. पानं उलटली. पाच, सहा. सहानंतर थेट नऊ. त्याने वर पाहिलं ते सरळ माझ्याकडे.

"धाकले शेठ, परवाच्या नंतर कुणी हात लावला होता?"

"मला काय माहीत? तूच केलंस ना सगळं?" मी म्हणालो.

दादा ओट्यावर उभा होता. "म्हणे पायरी पायरीनं! कैनाडच्या माणसाच्या हातात कोयता द्यावा, कॉम्प्युटर नाही. माझंच चुकलं."

शेजारची माणसं कुंपणापाशी जमली होती. कुणीतरी हसलं. मला वाटलं, आता तो बोलेल. पानांचे आकडे दाखवेल. त्याने वहीची सुतळी सोडवली, बोटाभोवती गुंडाळली. "मोठे शेठ, मशीन तर गेलं. वही मी घेऊन जातो." मग मृणालकडे वळला. "ताई, रडू नका. नक्कल हाय ना. दोन दिवसाचंच काम गेलंय." एवढंच. स्कूटरला किक एकदाच बसली.

तो का बोलला नाही? त्याच्या आईचं आमच्या वाडीतलं काम, सोसायटीची आशा, की धाकल्या शेठचं तोंड सगळ्यांसमोर काळं करायचं नाही ही त्याची सभ्यता? मी ठरवू शकत नाही. ठरवायचा मला अधिकारही नाही.

मृणालचं काम त्याच्या नकलेवरून मैत्रिणीच्या मशीनवर वेळेत झालं. त्याच्याच काळजीने आमचं भागलं, आणि हे घरात एकानेही बोलून दाखवलं नाही. सोसायटीचं काम डहाणूतल्या दुसऱ्या कुणाला गेलं. दादाने ही हकीकत बाजारात इतक्यांदा सांगितली की 'काशाने हात लावला की मशीन जळतं' अशी म्हणच झाली. मी तिथे उभा राहून त्यावर हसलो आहे. एकदा नाही, बऱ्याचदा.

वर्षभरात काशिनाथ बायकोच्या माहेरी, तलासरीकडच्या वेवजीला राहायला गेला आणि राज्याच्या सीमेपलीकडच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. ज्या नाकाला बंद कॅबिनेटमधली पाल कळायची, ते दिवसभर वितळलेल्या प्लास्टिकचा वास घेत राहिलं. एकदा तलासरीच्या बाजारात तो मला दिसला. भाजीची पिशवी घेऊन पुढे आला, "काय धाकले शेठ, बेस ना?" म्हणाला. मी घड्याळाकडे पाहिलं आणि घाई आहे म्हणालो.

मागच्या माघात तो कावीळ होऊन गेला. मी वेवजीला गेलो ते तेराव्यानंतर. गर्दी असताना जायची छाती नव्हती. त्याची बायको सुमन अंगणात वाल निवडत होती. मी नरपडचा धाकला शेठ, असं सांगितल्यावर तिने चहा केला आणि त्याची पत्र्याची पेटी बाहेर आणली. "यातलं काय कुणाचं, मला कळत नाय. तुम्ही कॉम्प्युटरवाले, जरा बघता का?"

पेटीत वह्या होत्या, सुतळीने बांधलेला गठ्ठा. 'नरपड, मोठे शेठ' असं लिहिलेली वही तिसरी होती. मी ती उघडली. सहा. नऊ. नवव्या पानावर वरच्या बाजूला एकच ओळ होती: "पान सात-आठ धाकल्या शेठकडं राहिलं."

जळलं नाही, चोरलं नाही. राहिलं.

सुमन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "हे पान तुमच्याकडं हाय का हो? त्याचं सगळं जुळवून ठेवलेलं असायचं. हीच एक वही तेवढी तुटकी."

"नाही," मी म्हणालो. "कुठे गेलं असेल, देव जाणे."

ती म्हणाली, "बरं," आणि वही पुन्हा गठ्ठ्यात ठेवली. मी चहा संपवला. चहा चांगला होता. तो मी संपवला, ही गोष्ट मला त्या खोट्याहूनही जास्त ओकारी आणते.

पान माझ्या कपाटात आहे, वाडीच्या सातबाऱ्याच्या फाइलमध्ये. घडीवर कागद झिजला आहे. त्याचं अक्षर अजून स्पष्ट आहे आणि त्याखाली माझंही.

दादा आता सत्तरीला आला आहे. घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की अजूनही काशाचं नाव घेतो, आणि मी त्याच्या समोर बसून जेवतो.

मी हे देणं लागतो: वेवजीला जाऊन ते पान सुमनच्या हातात ठेवायचं, आणि आमच्या ओट्यावर, कुंपणापलीकडच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दादाला सांगायचं, की मशीन मी जाळलं. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.