फोनची सोयरीक

आप्पांच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता, आणि मी स्पीकरच्या पाठीवरचे आकडे वाचत बसले होते. आठ ओहम. धाकट्या भावानं बेळगावहून, खडेबाजारातून, छोटा स्टिरिओ रिसीव्हर पाठवला होता. त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं, चार ते आठ. म्हणजे जमत होतं. तरी मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. 'भलताच स्पीकर लावलास तर जळंल बघ,' असं भाऊ सहज बोलून गेला होता, आणि माझ्यासारख्या घाबरट बाईला तेवढं पुरतं.

रिपोर्ट येईपर्यंत म्हणून मी निपाणीला माहेरी येऊन राहिले होते. आप्पांना आणि आईला आम्ही सांगितलं होतं, चरबीची गाठ आहे, काळजीचं काही नाही. बेळगावच्या डॉक्टरांना वेगळी शंका होती, ती फक्त भावाला आणि मला ठाऊक. ती पोटात ठेवून आप्पांच्या समोर बसणं मला जमेना, म्हणून हा तारांचा पसारा बरा वाटत होता. निदान मान खाली घालून बसता येत होतं.

तांबड्याला तांबडी, काळ्याला काळी अशा तारा खोचल्या. आप्पांचे जुने लाकडी स्पीकर जरा खरखरले आणि गप्प झाले. मग ब्लूटूथ. चालतंय का बघायला आधी माझा फोन जोडला, नंतर आप्पांचा. तो लवकर सापडेना.

"जमली का न्हाय सोयरीक?" आप्पा खुर्चीतून दर दोन मिनिटांनी विचारत होते.

शेवटी जमली. त्यांचं आवडतं स्तवन हॉलभर घुमलं. "लई झ्याक," म्हणाले. मी मात्र रिसीव्हर तापतोय का, हे हात लावून बघत राहिले.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी सकाळी आप्पांनी रिसीव्हर चालू केला आणि हॉलमधून हाक मारली, "आज माझा फोन लागंना गं."

"चहा उतरवून आले," मी स्वयंपाकघरातून म्हटलं. तेवढ्यात माझ्या फोनवर भावाचा व्हॉइस मेसेज आला. आप्पांच्या कानावर जाऊ नये म्हणून दार लोटलं, फोन कानाशी धरला. काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला. आणखी वाढवला. आणि हॉलमधल्या दोन्ही स्पीकरांतून भावाचा आवाज खणखणीत आला, "आक्का, रिपोर्ट मिळाला गं. गाठ चांगली न्हाय. सोमवारी ॲडमिट करा म्हणालेत. आप्पास्नी एवढ्यात काय सांगू नगं."

रिसीव्हरनं आप्पांच्या आधी माझाच फोन धरला होता. हे माझ्या ध्यानात आलं तोवर मेसेज संपला होता.

मी हॉलमध्ये धावले. आप्पा रिसीव्हरपाशी उभे होते. आवाजाचं बटण त्यांनी पार खाली आणलं होतं. त्यांनी परसदाराकडे बघत हळू आवाजात विचारलं, "तुझ्या आईनं ऐकलं काय? बघून ये जा."

आई परसात कपडे धूत होती. नळ चालू होता, बादली भरून वाहत होती, आणि तिचे हात तसेच पाण्यात होते. मागे न वळता ती म्हणाली, "ह्यास्नी ऐकू गेलं काय गं?"

मी "न्हाय" म्हणाले आणि नळ बंद केला. आत येऊन आप्पांनाही तेच सांगितलं, आईनं काही ऐकलं न्हाय.

"बरं झालं," आप्पा म्हणाले. खुर्चीत बसले, मानेवरून हात फिरवला. "मग सोमवारी जमिनीच्या कामाला बेळगावला चाललोय म्हणून सांग तिला."